बाई, भुरी तुझ्या हातून गेली नाही

बाई,

तुला जाऊन आज चौदा दिवस झाले. तुला वाचता येत नव्हतं, आणि कदाचित म्हणूनच मला हे लिहायची हिंमत होते आहे. तू समोर असताना पाच महिने जे तोंडातून निघालं नाही, ते आता कागदावर काढतो आहे. याला शहाणपण म्हणू नकोस. तुझा भाऊ भित्रा आहे, एवढंच.

आधी मुद्द्याचं सांगतो, नाहीतर इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि कागद संपेल. भुरी तुझ्या हातून मेली नाही. पोळ्याच्या दिवशी तू तिला चोरून पुरण चारलंस आणि त्याने तिचा जीव गेला, असं तू शेवटच्या श्वासापर्यंत समजत होतीस. तसं झालं नव्हतं. तिला मी मारलं. माझ्या सुईने मारलं, आणि ते मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं.

लोक येतात, बसतात, तुझं वय विचारतात, सासर कोणतं ते विचारतात. "लई चांगली होती बाई," म्हणतात. मी मान हलवतो. त्यांना काय सांगू, की एका मांजरीचं पाप डोक्यावर घेऊन गेली आणि ते पाप तिचं नव्हतंच?

माझी बायको गेली आणि तू गोरेगावहून माझ्याकडे राहायला आलीस, तो दिवस आठवतो. छकड्यातून आधी एक टोपली उतरवलीस, मग स्वतः उतरलीस. टोपलीत मातकट रंगाचं पिल्लू, डोळे चिकटलेले, आवाज मात्र घर डोक्यावर घेणारा. मी वैतागून म्हणालो, "इथं माणसाला करून घालायला कोणी नाही, आणि तू मांजर आणलीस?" तू पदर खोचत म्हणालीस, "मी करतो ना दोघायले." आणि केलंस. आई गेल्यावर मला वाढवलंस तसंच तिलाही वाढवलंस, म्हणजे दूधभात चारून. सकाळी दूधभात, दुपारी पेज, संध्याकाळी पुन्हा दूधभात, वर साय. दहा वर्षांत भुरी इतकी गोल झाली की धान साठवायच्या ढोलीवर चढायला तिला मध्ये एक पायरी लागायची. तू तिच्यासाठी पाट ठेवायचीस. मी चिडवायचो की आता तिला म्हातारपणी काठी घेऊन दे.

मग ती आटायला लागली. खात होती, पहिल्यापेक्षा जास्तच खात होती, आणि तरी पाठीचं हाड वर आलं. हंड्याखाली ठिबकणारं पाणी चाटत तासन्‌तास बसायची. मागचे पाय टाचांपर्यंत टेकून चालायची. तू म्हणालीस नजर लागली. मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्यास. एक दिवस ती चुलीजवळच्या राखेत मुतली आणि थोड्या वेळाने मी पाहिलं तर राखेवर काळ्या मुंग्यांची रांग. मी उभ्या जागी थंड झालो. कारण पानाचे व्यापारी शेठजी, ज्यांना मी रोज सकाळी दवाखान्यातर्फे सुई टोचायला जात होतो, त्यांच्या मोरीत मी अशाच मुंग्या पाहिल्या होत्या.

यातलं बरंचसं तुला माहीत आहे, तरी सांगतो. सांगताना तू जवळ बसल्यासारखं वाटतं. मी दवाखान्यातून लघवीतली साखर दाखवणाऱ्या निळ्या औषधाची बाटली आणि काचेची नळी आणली. तू पितळी ताटली घेऊन भुरीच्या मागे मागे फिरलीस. अर्धा दिवस गेला. शेवटी मिळालं ते मूत थेंब थेंब निळ्या औषधात टाकून स्पिरिटच्या दिव्यावर तापवलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, आणि बघता बघता विटकरी. तू म्हणालीस, "हे तं विटेवानी झालं रे बापू." मी म्हणालो, साखर आहे. भरपूर आहे. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू मीच ती घातली आहे.

डॉक्टर आधी हसले. लढाई चालू आहे, माणसांना इन्सुलिन मिळेना, आणि कंपाउंडर मांजरीसाठी मागतो! पण ते भले गृहस्थ. शेठजींच्या बाटलीच्या तळाशी राहतं तेवढं ने म्हणाले. दोन गोष्टी मात्र त्यांनी बजावल्या. आधी पोटात अन्न, मग सुई. आणि सुई दिल्यावर अंग थरथरलं, पाय लटपटले, तर ती वाढलेली साखर नसते, ती संपलेली साखर असते. तेव्हा लगेच गोड द्यायचं. हे मला नवीन नव्हतं. शेठजी बंडीच्या खिशात खडीसाखरेचे खडे ठेवत ते याचसाठी. मला माहीत होतं, बाई. हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहू शकतो. मला माहीत होतं.

आपलं भांडण भातावरून सुरू झालं. मी सांगितलं, दूधभात बंद, पेज बंद, गोड तर अजिबात नाही. तिला मासे द्यायचे. तू कमरेवर हात ठेवून उभी राहिलीस. "भाताबिगर कोणी जगते का? कायले मारून राहिला तिले?" धानाच्या मुलखात जन्म गेला तुझा. भात बंद म्हणजे तुझ्या लेखी माणूस आटोपलाच. मी डॉक्टरांचं नाव घेतलं तर म्हणालीस, डॉक्टरने कधी मांजर पोसली आहे का? मी आवाज चढवला.

आणि तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मासे विकणारी धिवरीण दारात आली तेव्हा तूच तिला हाक मारलीस. गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून वीस वर्षं तू माशाच्या वासालाही थांबली नव्हतीस. परसात तीन दगड मांडलेस, फुटकं मडकं ठेवलंस, तोंडावर पदर धरून मासोळ्या उकडल्यास आणि मग आंघोळ केलीस. रोज, दोन वेळा. पावसाळा लागला तरी. मी एकदा म्हणालो, बाई, एवढी आंघोळ नको, सर्दी होईल. तू म्हणालीस, "तुह्या डॉक्टरले विचार." त्या वेळी हसलो होतो आपण दोघंही.

त्या अडीच महिन्यांसारखे दिवस माझ्या आयुष्यात दुसरे नाहीत. मी शेठजींकडून यायचो तोवर तू सुई चुलीवर उकळून ठेवलेली असायचीस. इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी. तू भुरीला मांडीत घेऊन तिचं मानगूट चिमटीत धरायचीस, मी पिचकारीत दोन रेघांइतकं औषध भरायचो आणि टोचायचो. तिला कळायचंही नाही. "आमच्या बापूचा हात हलका," हे तू धिवरणीला सांगितलंस, शेजारी सांगितलंस, गोरेगावच्या बाजारात जाऊन सांगून आलीस. काचेच्या नळीतले रंग तर तू माझ्याआधी वाचायला लागलीस. अक्षर येत नव्हतं, पण नळी उजेडाकडे धरून तू बरोबर सांगायचीस, आज पिवळं, आज हिरवं. आणि एका सकाळी औषध निळं ते निळंच राहिलं, साखर नाहीच. तू नळी खाली ठेवेनास. त्याच आठवड्यात भुरीने पाटाला न शिवता ढोलीवर उडी मारली. तू टाळ्या वाजवल्यास, साठीची बाई तू. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

आता पोळा.

जुनी बाटली त्या दिवशी सकाळी शेठजींच्या सुईतच संपली. भुरीसाठी थेंब उरला नाही. नागपूरहून दोन नव्या बाटल्या आदल्या दिवशी आल्या होत्या, शेठजींसाठी, आणि दवाखाना सणामुळे बंद. किल्ली माझ्याकडे. मी एक बाटली उघडली. उद्या शेठजींना हीच चालू करायची होती, म्हणून मनाला फारसं लागलं नाही. घरी आलो. तू पुरण वाटत होतीस, हात भरलेले, तरी भुरीला धरलंस. मी नेहमीच्या दोन रेघा भरल्या आणि टोचलं.

लेबल वाचलं नाही. तेवीस वर्षं बाटल्या हाताळतो मी. लोकांच्या बाटल्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या चिकटवतो, दिवसातून किती वेळा घ्यायचं ते तीनतीनदा बजावतो. आणि स्वतः लेबल वाचलं नाही.

दुपारी मी तोरणाखालचे बैल पाहून परत आलो तेव्हा भुरी चुलीजवळ आडवी पडली होती. उठायला जायची आणि कोसळायची. जबडा आवळलेला, अंगाला हिसके, तोंडातून लाळ. तू तिच्याशेजारी वाटी घेऊन बसली होतीस. वाटीत गुळाचं पाणी होतं. मला पाहून तू घाबरलीस. मी काही विचारायच्या आधीच सांगून टाकलंस, "सकाळी मी तिले पुरण देल्लं रे. एवढुसंच. सणाचा दिवस, वास घेऊन राहिली होती." आणि लगेच म्हणालीस, "थरथर कापून राहिली. गुळाचं पाणी पाजू का? उन्हातून आलेल्या माणसाले देतो ना आपण."

बाई, तुला कोणी शिकवलं होतं ते? डॉक्टरांचं ते थरथरण्याबद्दलचं बोलणं मी तुला कधी सांगितलंच नव्हतं. मला वाटलं होतं, गोडाचा नुसता विषय काढला तरी तू निमित्त शोधशील. तू नुसतं त्या जिवाकडे पाहिलंस आणि तुला कळलं. मी मात्र पुरण हा एकच शब्द ऐकला. माझ्या डोक्यात आग गेली. साखर चढली, म्हणून झटके येतात, असं मी ठरवून मोकळा झालो. थरथरणाऱ्या अंगाचा अर्थ ज्याला पाठ होता तो मी, आणि मी तुझ्या हातातली वाटी उडवली. ती भिंतीवर जाऊन आपटली. "गोड देऊन मारलंस तिला, आता आणखी गोड पाजतेस?" असं मी म्हणालो. मी माठाखालची बाटली काढली आणि आणखी दोन रेघा टोचल्या.

दिवेलागणीच्या आधी ती गेली.

दुसऱ्या दिवशी मारबत. बाहेर लोक ओरडत चालले होते, गावातली रोगराई गावाबाहेर घालवून द्यायला. मी तिला परसात पुरलं, हात धुतले आणि शेठजींकडे गेलो. त्यांच्या दंडाला स्पिरिट लावलं, नवी बाटली उजेडात धरली, सुई भरली, आणि तेव्हा कुठे माझी नजर लेबलावर गेली. आजवर प्रत्येक बाटलीवर वीस युनिट असायचे. हिच्यावर चाळीस होते. दुप्पट कडक औषध. लढाईमुळे नागपूरला जे मिळालं ते त्यांनी पाठवलं होतं, आणि तसं चिठ्ठीत लिहिलंही होतं. ती चिठ्ठी खोक्यात तशीच घडी केलेली होती.

शेठजी म्हणाले, "क्या बात है कंपाउंडर बाबू, आज हाथ क्यों रुक गया?" मी म्हणालो, कुछ नहीं, घर में एक मौत हो गई. अर्धं औषध परत बाटलीत सोडलं आणि टोचलं. शेठजी वाचले. भुरी आदल्या दिवशी मेली नसती तर मी त्यांना दुप्पट टोचून आलो असतो, कारण घाबरल्याशिवाय मी लेबल वाचलं नसतं. त्यांना हे आजही ठाऊक नाही. दिवाळीला त्यांनी मला उपरणं दिलं.

तिथून घरी परत येताना मला दुसरीही गोष्ट समजली, आणि ती पहिलीपेक्षा वाईट आहे. दुप्पट औषध अंगात असून भुरी दुपारपर्यंत तगली कशी? तुझ्या पुरणामुळे. त्या दिवशी तिच्या बाजूने या घरात जर कोणी काही केलं असेल तर ते तू केलंस, चोरून, मला भिऊन. गुळाचं पाणी पोटात गेलं असतं तर ती आजही ढोलीवर बसलेली असती.

घरी आलो तर तू चुलीपुढे बसली होतीस, चूल न पेटवता. मी सांगायला तोंड उघडलं होतं, खरंच उघडलं होतं. तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "मह्या हातून गेली ना रे?" मी म्हणालो, "जाऊ दे आता." फक्त एवढंच. नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही. तू ते हो समजलीस.

का नाही सांगितलं? डॉक्टर काढून टाकतील ही भीती होती. ज्या कंपाउंडरने बाटली वाचली नाही त्याच्यापुढे कोण दंड उघडा करेल? पण खरं सांगू, मोठं कारण दुसरंच होतं. तू मला जन्मभर हुशार समजत आलीस. गावात, बाजारात, देवळात, बापूचा हात हलका म्हणून सांगत फिरलीस. तुझ्या तोंडचं ते एक वाक्य जपायला मी तुला पाच महिने जाळलं. त्यानंतर तू ते वाक्य एकदाही म्हणाली नाहीस, हेही मला फार उशिरा ध्यानात आलं.

तू गोड सोडलंस. दिवाळीला करंजी केलीस, वाढलीस, स्वतः तोंडाला लावली नाहीस. कुणीतरी सांगितलं की मांजर मारल्याचं पाप काशीला सोन्याची मांजर दिल्याशिवाय फिटत नाही. तू पेटीच्या तळातून ती पुरचुंडी काढलीस, विधवा झाल्यावर गळ्यातून उतरवलेले सोन्याचे मणी. चाळीस वर्षं कोणाला दाखवले नव्हतेस. मीच तुला सोनाराकडे घेऊन गेलो. सोनार मणी तळहातावर घेऊन म्हणाला, "बाई, एवढ्याशा सोन्यात मांजर नाई होत, उंदीर होईन." मी हसलो. तू हसली नाहीस. "लहानशीच कर," म्हणालीस, "पण शेपूट असू दे तिले." बाई, मी तिथेच तुझा हात धरून बाहेर का आणलं नाही? दुकानाच्या पायऱ्या उतरेपर्यंत सगळं सांगून झालं असतं.

धान निघाल्यावर काशीला जायचं ठरलं. पौषात तुला ताप भरला, छातीत कफ दाटला. शेवटच्या दुपारी तू शुद्धीवर होतीस. मला जवळ बोलावलंस आणि विचारलंस, "भुरी मले तिथं भेटन का रे?" मी म्हणालो, भेटेल. तू पुन्हा विचारलंस, "भेटली तं जवळ येईन का?" मी म्हणालो, येईल, बोलू नकोस, झोप. तू डोळे मिटलेस. तुझा हात माझ्या हातात होता, खोलीत तिसरं कोणी नव्हतं, आणि माझ्याजवळ संध्याकाळपर्यंतचा वेळ होता.

आता कालचं सांगतो. काल तुझी तेरवी झाली. सोनाराने सकाळीच ती आणून दिली. वालाच्या दाण्याएवढी मांजर, बसलेली, शेपूट अंगाभोवती घेतलेली. भटजी म्हणाले, काशीला जाणं झालं नाही, तर इथेच गंगाजळ घालून दान करू, तिला पोचेल. अंगणात गोरेगावची माणसं होती, शेजारी होते, डॉक्टर मागे खुर्चीवर बसले होते. मी सकाळपासून ठरवलं होतं. आज चारचौघांत सांगायचं, मग नोकरी जावो की अब्रू. भटजींनी माझ्या ओंजळीत पाणी घातलं आणि संकल्पासाठी विचारलं, "मार्जारहत्या कोणाच्या हातून घडली? नाव सांगा."

सगळे माझ्याकडे पाहत होते. डॉक्टरही पाहत होते. मी तुझं नाव सांगितलं, बाई. भटजींनी ते गोत्रासकट तीनदा म्हटलं, आणि तीनही वेळा मी पाणी सोडलं.